देठ कुठे जुळतो ते बघा

२०१९च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला तेव्हा बदलापूरच्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढलं, तोच हा पूर. तारीख २७ जुलै. आम्ही तळमजल्यावर राहतो. मागे दहा बाय बाराचं अंगण आहे. पाणी ओसरल्यावर आठवडाभर आम्ही नुसता चिखल उपसत होतो. त्या चिखलात, कुंपणाच्या भिंतीला टेकून, एक गड्डा पडला होता. शहाळ्याएवढा, एका बाजूने कुजलेला, वर एक मोडका देठ. कुणाच्या परड्यातून आला की नर्सरीतून, कळायला मार्ग नव्हता. पुरात आमचं बरंच काही वाहून गेलं होतं. वाहून आलेली ही एकच गोष्ट होती. ती टाकवेना.

देठ बघून मला वाटलं, अळूच आहे. मी माहेरची सातारची. अळूशी माझी ओळख लग्नाच्या पंगतीतल्या फदफद्यापुरती. सासर मात्र अलिबागचं. तिकडे न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लावायची रीत आहे. मीही तो गड्डा मागच्या मोरीच्या तोंडाशी लावला. कुजका भाग विळीने कापला, राख लावली आणि विसरून गेले.

दिवाळीपर्यंत तळहाताएवढी तीन पानं आली. थंडीत वाढ थांबली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मला पहिल्यांदाच त्या अंगणाकडे बघायला वेळ मिळाला. रोज सकाळी चहा घेऊन मागच्या दारात बसायचे. एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपल्या, पण मेच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला आणि रोपाने जोर धरला. दर आठ-दहा दिवसांनी एक नवं पान. आधी सुरळी यायची, मग ती उलगडायची. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं. जूनच्या अखेरीला एक पान मी टेपने मोजलं. अडीच फूट.

हे अळूच आहे ना, याची मी माझ्या परीने खात्री केली होती, हे मुद्दाम सांगते. पानावर तांब्याने पाणी ओतलं. थेंब घरंगळून खाली. अळवावरचं पाणी शाळेपासून ऐकलेलं, त्यामुळे माझ्या दृष्टीने विषय संपला. आता कळतं की या परीक्षेला काही अर्थ नाही. गुळगुळीत, उभ्या पानावरून पाणी घरंगळणारच. मोबाइलवरच्या झाडं ओळखणाऱ्या अॅपलाही फोटो दाखवला होता. त्याने एकदा एक नाव दिलं, दुसऱ्या फोटोला दुसरं. मी मला हवं ते धरलं.

सासूबाई तेव्हा दिरांकडे अलिबागला होत्या. टाळेबंदीत तिकडेच अडकल्या. ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं. त्यांची दोन आंब्याची झाडं पडली, पुढे कितीतरी दिवस फोन धड लागत नव्हता. लागला तरी आवाज तुटत होता. तशाच एका फोनवर मी विचारलं, "आई, मागे अळू छान आलंय. वड्या करू का?"

"देठ काळा आहे का गं?"

"नाही, हिरवा आहे."

"मग ते भाजीचं. वडीला नको घेऊस. कोवळं पान घे, चिंच घाल, आणि..."

फोन कट झाला. त्यांनी अळूबद्दल विचारलं, मी अळूबद्दल सांगितलं. समोर आहे ते अळू नसेलच, हे दोघींच्याही मनात आलं नाही. शिवाय त्यांचं ऐकायचं तेवढंही मी ऐकलं नाही. भाजी बाजारात मिळत नव्हती, महिनाभर बटाटे आणि कडधान्यं चालली होती, मुलाला वड्या आवडतात, आणि अडीच फुटाचं पान समोर डुलत होतं. एवढ्या एका पानात चार जणांच्या वड्या होतील, या हिशेबाने मी खूश होते.

जुलैच्या पहिल्या रविवारी दोन पानं कापली. शिरा काढताना मनगटाला खाज सुटली. अळूला खाजतंच म्हणून खोबरेल तेल चोळलं आणि पुढे गेले. ही पहिली सूचना होती. बेसनात चिंच-गूळ, तिखट, तीळ सगळं नेहमीप्रमाणे. वीस मिनिटं उंडे वाफवले, कापले, तळले. दिसायला फार सुंदर झाल्या होत्या.

मुलाने पहिली वडी तोंडात घातली आणि लगेच थुंकली. "आई, सुया टोचतायत." मला वाटलं, तिखट लागलं. यांनी तोवर दोन खाल्ल्या होत्या आणि काही बोलत नव्हते. नंतर कळलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मी स्वतः तळताना चव बघायला दीड वडी खाल्लेली. दोन-तीन मिनिटांत माझीही जीभ आणि घसा पेटला. मिरचीसारखं नाही. काचेची पूड गिळल्यासारखं. चुळा भरल्या, काही फरक नाही. मुलाचे ओठ सुजले. यांची जीभ जाड झाली आणि लाळ गिळता येईना.

घरचे डॉक्टर फोनवर मिळाले. त्यांनी आधी एकच विचारलं, श्वास नीट चालू आहे का. मग म्हणाले, तोंड पुसून काढा, चुळा भरा, थंड दूध किंवा दही थोडं थोडं जिभेवर धरा. उलटी मुद्दाम काढू नका. आवाज बदलला, लाळ गिळता आली नाही, घसा आवळल्यासारखा वाटला तर थांबू नका, दवाखाना गाठा. यांचं गिळणं बंद झालेलंच होतं, म्हणून निघालो. करोनाचे दिवस. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. यांना बोलता येत नव्हतं. यांनी मास्क खाली करून तोंड उघडून दाखवलं. पोलीस दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "जा, जा."

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तीन तास बसवून ठेवलं. रात्री दहाला घरी आलो. सूज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरली. मुलाला आणि मला दूध-दह्यानेच उतार पडला, पण घशातली टोचणी दोन दिवस होती. मी त्या रात्री झोपले नाही. यांचा श्वास ऐकत बसले होते. दोन खाल्ल्या होत्या. चार खाल्ल्या असत्या तर, हे सारखं मनात येत होतं.

सकाळी उठून कुदळ घेऊन मागे गेले. यांनीच अडवलं. म्हणाले, "आधी हे काय आहे ते तरी कळू दे. नाहीतर पुढच्या वेळी दुसरं काहीतरी खायला घालशील." मी गप्प बसले. बोलायला तोंड नव्हतं.

आमच्या मागच्या इमारतीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना फोटो पाठवला. ते म्हणाले, फोटो नको, देठासकट अख्खं पान आणा, आणि बाजारात मिळालं तर खऱ्या अळूचं एक पान आणा. चार दिवसांनी एका भाजीवालीकडे अळूची जुडी मिळाली. मी कुंपणाच्या अलीकडे आणि सर पलीकडे, दोघांच्या तोंडाला मास्क, आणि मधल्या भिंतीवर दोन पानं. तो अर्धा तास मला आयुष्यभर पुरेल.

सरांनी आधी पानं उलटी करायला लावली. अळूच्या पानात देठ कडेला जुळत नाही. पानाच्या पाठीवर, खाचेपासून बोट-दोन बोटं आत, छत्रीच्या दांडीसारखा मध्ये चिकटतो. माझ्या पानात खाच जवळजवळ देठापर्यंत गेलेली आणि देठ तिथेच, खाचेच्या टोकाशी जुळलेला. इतका सरळ फरक, आणि मी वर्षभर त्या पानाची पाठ एकदाही नीट बघितली नव्हती. वरूनच कौतुक करत होते.

दुसरी खूण लांबूनही दिसते. अळूचं पान मान खाली घालून असतं, टोक जमिनीकडे. माझ्या रोपाची पानं ताठ, टोक वर किंवा समोर. अळूचं पान मखमलीसारखं, चमक नसलेलं. माझं तेल लावल्यासारखं चकचकीत, शिरा जाड आणि उठावदार. तिसरी खूण वय वाढल्यावर कळते. अळूचा गड्डा जमिनीतच राहतो, बाजूला अळकुड्या धरतो. माझ्या रोपाला जमिनीच्या वर वीतभर खोड आलं होतं. त्यावर गळलेल्या देठांच्या गोल खुणा. केळीच्या बुंध्याला असतं तसं काहीतरी, एवढंच मी तोवर त्याकडे बघितलं होतं.

सरांनी एक सावधगिरीही सांगितली. अगदी लहान रोपाच्या पानात देठ थोडा आत जुळलेला असू शकतो. म्हणून कोवळ्या रोपावरून निकाल द्यायचा नाही, मोठं पान येईपर्यंत थांबायचं.

तर माझं रोप अॅलोकेशिया मॅक्रोऱ्हायझॉस. मराठीत कासाळू. नावाचा अर्थच मोठ्या मुळाचं. आग्नेय आशियातून पसरलेलं, चांगल्या जागी दोन पुरुष उंच होणारं. अळू म्हणजे कोलोकेशिया एस्क्युलेंटा. दोघंही एकाच सुरणाच्या कुळातले. सुरण, शेवळं, घरातला मनीप्लँट, डायफेनबेकिया, सगळी त्याच घरची मंडळी आणि सगळ्यांना कमी-जास्त खाज. गोंधळ असा की नर्सरीत 'एलिफंट इअर' म्हणून जे विकतात त्यात अळूही येतं, कासाळूही येतं, कॅलेडियमही येतं आणि झँथोसोमाही. झँथोसोमा हे मूळचं अमेरिकेतलं. त्याचं पान बाणासारखं, खाच थेट देठापर्यंत, आणि कडेच्या थोडं आत, कडेबरोबर फिरणारी एक शीर असते. त्यामुळे नर्सरीवाल्याने 'एलिफंट इअर' सांगितलं तर त्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही, असं समजा.

खाज कशाची, तेही सरांनी सांगितलं. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक पेशींत जुड्याच्या जुड्या भरलेले असतात. पान चावलं की त्या सुया जिभेत आणि घशात घुसतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं धुऊन काही होत नाही आणि वीस मिनिटांच्या वाफेने तर नाहीच. अळूतही त्या असतात. म्हणून आपल्याकडे अळूला चिंच, आमसूल, आंबट चुका, ताक यातलं काहीतरी लागतंच आणि ते गिजगोळा होईपर्यंत शिजवतात. कोकणात शेवळं काकडांशिवाय करत नाहीत, त्याचंही कारण हेच. कासाळूत ही खाज फार. बंगालमध्ये याचाच कंद मानकचू म्हणून खातात, पण त्यांना कुठला भाग, किती वयाचा आणि कसा करायचा हे पिढ्यांपासून ठाऊक आहे. मला नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये सासूबाई आल्या. मागच्या दारातून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हे कासाळू. तू मला फोनवर अळू म्हणालीस." मग थोड्या वेळाने, "मीही विचारायला हवं होतं, पान खाली बघतं का वर." त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

रोप ठेवायचं ठरलं, पण खाण्याच्या जागेवर नाही. मोरीच्या तोंडाशी पुढेमागे खरं अळू लावायचं होतं. दोन्ही शेजारी ठेवणं म्हणजे पुन्हा तीच चूक. नोव्हेंबरात ते खणून पुढच्या कुंपणाजवळ हलवलं. ही दुसरी चूक, वेळेची. थंडी सुरू होताना मुळं दुखावली, आणि मी काळजीने रोज पाणी घालत राहिले. एकेक करून पानं पिवळी पडली, डिसेंबरअखेर एकच उरलं. खोड बुडाशी दाबून पाहिलं तर मऊ लागलं, वास आला. पुन्हा खणलं. या वेळी हातमोजे घालून. कुजका भाग पांढरा, टणक गर लागेपर्यंत कापला, हळद आणि राख लावली, उरलेला गड्डा चार दिवस सावलीत कोरडा केला. मग निम्मी माती, बाकी वाळू, कोकोपीट आणि थोडं शेणखत अशा मिश्रणात, तळाला भरपूर भोकं असलेल्या ड्रममध्ये लावला. पाणी आठवड्यातून एकदा, तेही बोट घालून दोन पेरं कोरडी लागली तर. फेब्रुवारीच्या शेवटी कोंब दिसला. यांना हाक मारून दाखवला. ज्या झाडाने यांना दवाखान्यात नेलं त्याचा कोंब बघून मला एवढा आनंद झाला, हे सांगायला जरा लाजच वाटते.

तेव्हापासूनचा अनुभव असा की याला पाऊस सोसतो, साचलेलं थंड पाणी सोसत नाही. जून ते सप्टेंबर कितीही पाणी, कितीही शेणखत. नोव्हेंबरपासून हात आखडता घ्यायचा. पानं कमी झाली तर घाबरायचं नाही, ते झोपलेलं असतं. दुपारचं थेट ऊन टाळायचं. सकाळचं ऊन पुरतं. एप्रिल-मेमध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखं दिसलं तर तो लाल कोळी. मी आधी दुर्लक्ष केलं आणि तीन पानं घालवली. आता पानाची पाठ पाण्याच्या फवाऱ्याने धुते आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा कडुनिंबाचं तेल मारते. लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पावसाळ्यात पहाटे पानाच्या टोकातून थेंब गळतात. दव नव्हे, झाडच जादा पाणी बाहेर टाकतं. शेजाऱ्यांची स्कूटर कुंपणाला लागून उभी असते. रोज सकाळी सीट ओली. त्यांना पंधरा दिवस वाटत होतं, आमचा मुलगा पाणी उडवतो. मुलगा बोलणी खात होता. शेवटी पहाटे साडेपाचला त्यांना बोलावून पान दाखवलं. स्कूटर आता पलीकडे लावतात.

खरं अळू २०२१च्या जूनमध्ये सासूबाईंनी अलिबागहून आणलं. काळ्या देठाचं, त्यांच्या सासूच्या वेळेपासूनच्या परड्यातलं. ते मोरीपाशी आहे. त्याची दुखणी वेगळी. ऑगस्टच्या झडीत पानांवर पाणी भरल्यासारखे तपकिरी गोल डाग पडून पान सडतं, तो करपा. डाग दिसला की पान कापून लांब टाकते, रोपं दाटीने ठेवत नाही. शेपटाला शिंग असलेली बोटभर अळीही येते. एका रात्रीत पान संपवते. हाताने उचलून टाकते, औषध मारत नाही, कारण ते खायचं आहे. त्याच्या वड्या गेली चार वर्षं करते. आधी एक तुकडा मी खाते आणि दहा मिनिटं थांबते. मुलगा अजून वडीला हात लावत नाही.

कासाळूची पिलं बुंध्याशी येतात. आतापर्यंत सात-आठ जणांना दिली. देताना कुंडीवर रंगाने "खायचं नाही" लिहून देते आणि लहान मूल किंवा कुत्रं घरात आहे का ते विचारते. रोप कापलं की हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, हेही सांगते. यांच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, एवढी भीती कशाला, शोभेचं तर झाड." मी त्यांना दिलं नाही.

आज ते झाड यांच्या डोक्याच्या वर हातभर गेलंय. रस्त्यावरून दिसतं. श्रावण आला की कुणी ना कुणी वडीला पान मागायला येतं आणि मी पान उलटं करून दाखवते. मागच्या आठवड्यात कुंपणाबाहेर आलेली दोन पानं रात्रीत कुणीतरी कापून नेली, विळीने, अगदी नीट. ज्यांनी नेली त्यांनी अजून शिजवली नसतील तर टाकून द्या. खाल्ली असतील तर थंड दूध घ्या, आणि लाळ गिळता येत नसेल तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा. वड्यांसाठी पानं हवी असतील तर मागच्या दाराने या. तिथे काळ्या देठाचं आहे.